फीवाढ रोखणारी आमसभा

क्युबेकमधल्या २०१२ च्या विद्यार्थी संपाची यंत्रणा

कॅनडाच्या दहा प्रांतांपैकी कुठल्या प्रांतात विद्यापीठाची फी सर्वांत कमी, असं २०११ मध्ये कुणी विचारलं असतं, तर उत्तर होतं क्युबेक. तिथल्या स्थानिक विद्यार्थ्याला पदवी अभ्यासक्रमासाठी वर्षाला २,१६८ कॅनेडियन डॉलर भरावे लागत. देशाची सरासरी पाच हजारांच्या वर होती. ही फी पाच वर्षांत ३,७९३ डॉलरवर न्यायची, असं प्रांताच्या सरकारने ठरवलं. सगळी वाढ लागू झाल्यावरही क्युबेकचा विद्यार्थी देशाच्या सरासरीपेक्षा कमीच फी भरणार होता.

तरीही कॅनडाच्या इतिहासातला सर्वांत मोठा विद्यार्थी संप झाला तो इथेच. १३ फेब्रुवारी २०१२ ला तो सुरू झाला. २२ मार्चला तीन लाखांहून अधिक विद्यार्थी वर्गाबाहेर होते आणि माँट्रियल शहरात सुमारे दोन लाखांचा मोर्चा निघाला होता. सप्टेंबरमध्ये निवडणूक होऊन सरकार बदललं आणि फीवाढ रद्द झाली.

यात दोन कोडी आहेत. जिथे फी सर्वांत कमी, तिथेच एवढा असंतोष का? आणि ज्यांच्या हातात कारखाना नाही, पैसा नाही, ज्यांच्यातल्या अनेकांनी आयुष्यात एकदाही मतदान केलेलं नाही, त्यांनी सरकारला माघार घ्यायला लावली कशी? मोर्चाच्या छायाचित्रांतून ही उत्तरं मिळत नाहीत. त्यासाठी अर्थसंकल्पाची आकडेमोड आणि महाविद्यालयांच्या सभागृहांत चालणाऱ्या आमसभा पाहाव्या लागतात.

सरकारचं गणित

२००८ च्या जागतिक आर्थिक मंदीत जगभरच्या सरकारांचं करउत्पन्न घटलं आणि खर्च वाढला. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त झाला की जी तफावत उरते ती वित्तीय तूट. ती भरून काढण्यासाठी सरकार जे कठोर उपाय करतं, त्यांना आपण काटकसरीचं धोरण म्हणतो. काटकसर म्हटलं की खर्चाला कात्री एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण तिची दुसरीही एक बाजू आहे. जी सेवा सरकार करांच्या पैशातून चालवत होतं, तिचा भार वापरणाऱ्याच्या खिशावर टाकायचा. सेवा बंद होत नाही, तिचं बिल दुसऱ्याच्या नावावर जातं.

क्युबेकचे पंतप्रधान ज्याँ शारे (तिथे प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणतात) आणि अर्थमंत्री रेमाँ बाशाँ यांनी २०१० च्या अर्थसंकल्पात हीच दिशा धरली. विक्रीकर दोन टप्प्यांत वाढला. आरोग्यसेवेसाठी प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर एक सरसकट आकारणी आली आणि ती दोन वर्षांत वर्षाला २०० डॉलरवर पोचणार होती. विजेचे दर वाढवायचं ठरलं. मार्च २०११ च्या अर्थसंकल्पात विद्यापीठाच्या फीचा तपशील आला: २०१२ च्या शरद सत्रापासून दर वर्षी ३२५ डॉलर, अशी सलग पाच वर्षं. एकूण १,६२५ डॉलर, म्हणजे ७५ टक्के वाढ. ‘प्रत्येकाने आपला रास्त वाटा उचलावा’ हा सरकारचा युक्तिवाद होता.

तूट भरताना सरकारांना फी वाढवावीशी का वाटते, हेही समजून घेतलं पाहिजे. कर्जावरचं व्याज चुकवता येत नाही. पगार आणि निवृत्तिवेतन करारांनी बांधलेलं असतं. आयकर वाढवला तर सगळे मतदार एकदम नाराज होतात. विद्यार्थी मात्र विखुरलेले असतात आणि तीन-चार वर्षांत बाहेर पडतात. वाढ टप्प्याटप्प्याने आली की पहिल्या वर्षाचा फटका लहान दिसतो आणि शेवटचा फटका ज्यांना बसणार ते अजून शाळेत असतात. राजकीयदृष्ट्या ही सर्वांत कमी धोक्याची वसुली वाटते. क्युबेकमध्ये हाच अंदाज चुकला.

लिफ्टचा खर्च कुणी द्यायचा?

वाद नेमका कशाचा होता, हे कळायला आपल्या गृहनिर्माण सोसायटीतलं एक नेहमीचं भांडण उपयोगी पडतं. लिफ्ट दुरुस्तीला आली की तळमजल्यावरचे रहिवासी म्हणतात, ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे का द्यायचे?’ वरकरणी हा मुद्दा अगदी न्याय्य वाटतो. पण महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सर्व सदस्यांनी सारखा वाटून घ्यावा, कुणी ती वापरो वा न वापरो, असंच म्हटलं आहे. कारण लिफ्ट ही इमारतीची सोय मानली जाते. तळमजल्यावरच्या आजींना तपासायला येणारा डॉक्टर वरच्या मजल्यावर राहत असतो आणि लिफ्टमुळे साऱ्या इमारतीचीच किंमत वाढते.

क्युबेक सरकार तळमजल्यावरच्या रहिवाशाची बाजू मांडत होतं. पदवीधराला पुढे जास्त पगार मिळतो. मग जो ट्रकचालक कधी विद्यापीठात गेला नाही, त्याच्या करातून भावी वकिलाचं शिक्षण का व्हावं? हा युक्तिवाद खोडसाळ नव्हता. अनेक सामान्य क्युबेकवासीयांना तो पटत होता. जनमत चाचण्यांत मोठा वर्ग सरकारच्या बाजूने होता आणि फीवाढीला पाठिंबा देणारे विद्यार्थी छातीवर हिरवा चौकोन लावून फिरत होते.

विद्यार्थ्यांचं उत्तर असं होतं: ट्रकचालकाच्या मुलांना शिकवणारी शिक्षिका, त्याच्या आईची शुश्रूषा करणारी परिचारिका, त्याचा पूल बांधणारा अभियंता हे सगळे याच विद्यापीठांतून येतात. पदवीधराला खरोखर जास्त उत्पन्न मिळालं, तर चढत्या दराचा आयकर ते त्याच्याकडून आयुष्यभर वसूल करतोच. फी मात्र शिकण्याआधी घेतली जाते. नोकरी लागेल की नाही, पगार किती असेल, हे कळायच्या आत. श्रीमंत घरातल्या मुलासाठी ती किरकोळ रक्कम असते, गरीब घरातल्या मुलासाठी कर्ज असतं. आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो समाजकार्य, संशोधन, कला यांच्याकडे जायला कचरतो.

म्हणून शेजारच्या ओंटारिओत फी दुप्पट-तिप्पट आहे, हे ऐकून क्युबेकचे विद्यार्थी गप्प बसले नाहीत. आज किती डॉलर, यापेक्षा पुढची दिशा कोणती, यावर त्यांचा आक्षेप होता. लिफ्टचं बिल एकदा ‘वापरणाऱ्यावर’ गेलं की पुढच्या प्रत्येक वाढीचं समर्थन सोपं होतं.

कमी फी हा योगायोग नव्हता

क्युबेकची फी कमी राहिली यामागे इतिहास आहे. १९६० पर्यंत या प्रांतातले फ्रेंच भाषक शिक्षणात इंग्रजी भाषकांच्या बरेच मागे होते आणि शिक्षणाची सूत्रं बहुतांशी कॅथलिक चर्चच्या हातात होती. १९६० च्या दशकात ‘शांत क्रांती’ म्हणून ओळखलं जाणारं परिवर्तन घडलं. सरकारने शिक्षण, आरोग्य, वीज ही क्षेत्रं आपल्या हाती घेतली. शिक्षणाचा आराखडा पाराँ आयोगाने आखून दिला आणि १९६७ पासून सेजेप नावाची महाविद्यालयं सुरू झाली. शाळा संपली की विद्यार्थी सेजेपमध्ये जातो, तिथे दोन वर्षांचा विद्यापीठपूर्व किंवा तीन वर्षांचा तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करतो. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाची आणि तंत्रनिकेतनाची कामं एकाच छताखाली, असं त्याचं स्वरूप. सेजेपला शिकवणी फी नसते.

विद्यापीठाची फी १९६८ ते १९९० या काळात साधारण ५४० डॉलरवर गोठलेली होती. १९९० नंतर चार वर्षांत ती जवळपास तिप्पट होऊन १,६६८ डॉलर झाली आणि पुन्हा २००७ पर्यंत गोठली. नंतर वर्षाला १०० डॉलर याप्रमाणे ती २,१६८ वर आली. फी गोठून राहण्यात विद्यार्थी संपांचा मोठा वाटा होता. १९६८ पासून क्युबेकमध्ये दर काही वर्षांनी मोठा संप झालेला दिसतो. २००५ मध्ये सरकारने १०.३ कोटी डॉलरच्या शिष्यवृत्त्यांचं कर्जात रूपांतर केलं, तेव्हाच्या संपाने ती रक्कम परत मिळवली. त्याच संपात विद्यार्थ्यांनी छातीवर लाल कापडाचा छोटा चौकोन टाचणीने लावायला सुरुवात केली. गरिबीविरोधी चळवळीकडून आलेली ही खूण कर्जबाजारीपणाचं प्रतीक होती.

म्हणजे २०१२ च्या विद्यार्थ्यांकडे वारशाने दोन गोष्टी आल्या होत्या. संप करून काही मिळू शकतं हा अनुभव एक, आणि संप करण्याचं साधन दुसरं. हे साधन म्हणजे आमसभा.

आमसभा चालते कशी?

क्युबेकमध्ये १९८३ पासून विद्यार्थी संघटनांना मान्यता देणारा कायदा आहे. एखाद्या महाविद्यालयातल्या किंवा विद्याशाखेतल्या विद्यार्थ्यांनी मतदानाने संघटना निवडली की ती तिथल्या सगळ्या विद्यार्थ्यांची अधिकृत प्रतिनिधी होते. तिची वर्गणी महाविद्यालयच फीबरोबर गोळा करून तिला देतं. त्यामुळे संघटनेकडे कार्यालय, निधी आणि सदस्यांची यादी कायम असते. आंदोलन नसतानाही ती जिवंत राहते.

या संघटनांचा सर्वोच्च निर्णय आमसभेत होतो. सभागृहात, कधी व्यायामशाळेत शेकडो विद्यार्थी जमतात. सभेचं संचालन करणारी व्यक्ती नियमांवर बोट ठेवून चालते. बोलायचं असेल तर मायक्रोफोनसमोर रांगेत उभं राहायचं, ठराव मांडायचा, दुरुस्ती सुचवायची, विरोधात बोलायचं. शेवटी हात किंवा कार्ड वर करून किंवा गुप्त मतदानाने फैसला. सभा तीन-चार तास चालणं नेहमीचंच.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? सामूहिक कृतीतली एक जुनी अडचण त्याने सुटते. फीवाढ रद्द झाली तर फायदा सगळ्यांचा होणार, पण संप करण्याची किंमत मात्र जो करेल त्यालाच मोजावी लागणार. म्हणून प्रत्येक जण मनात म्हणतो, ‘मी वर्गाबाहेर राहिलो आणि बाकीचे आत बसले, तर माझं एकट्याचं सत्र वाया जाईल.’ सगळ्यांनीच असा विचार केला की कुणीच बाहेर पडत नाही, मग भले सगळे मनातून फीवाढीच्या विरोधात असोत. आमसभेत ही भीती कमी होते. किती जण बरोबर आहेत हे सर्वांना एकाच वेळी दिसतं आणि ठराव मंजूर झाला की वर्ग सगळ्यांसाठी बंद होतो. एकट्या विद्यार्थ्यावर धैर्य दाखवण्याची वेळ येत नाही.

हाच प्रश्न महाविद्यालयांच्या पातळीवरही असतो. आपलंच एक महाविद्यालय संपावर गेलं तर? त्यावर उपाय म्हणून अनेक ठरावांत अट घातली जाई: इतर ठिकाणच्या ठरावीक संख्येच्या संघटनांनी आणि विद्यार्थ्यांनी मंजुरी दिली, तरच आमचा संप सुरू होईल. पुरेशा आमसभांनी होकार दिला की सगळे एकदम बाहेर.

तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा होता. संप बेमुदत असला तरी त्याला ठरावीक काळाने पुन्हा मंजुरी घ्यावी लागे, बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला. विरोधकांना दर वेळी तो थांबवण्याची संधी मिळत होती आणि काही महाविद्यालयांत त्यांनी तो थांबवलाही. इंग्रजी माध्यमाच्या विद्यापीठांत आणि अनेक व्यावसायिक विद्याशाखांत प्रतिसाद कमी होता. पण जिथे संप टिकला, तिथे त्याच्यामागे ताजं बहुमत होतं. ‘मूठभर नेत्यांनी मुलांना भडकवलं’ हा आरोप म्हणूनच फार काळ टिकला नाही.

नेतेही होते. सेजेपच्या महासंघाचे लेओ ब्युरो-ब्लुएँ, विद्यापीठांच्या महासंघाच्या मार्टिन देजार्दँ आणि ‘क्लास’ या अधिक आक्रमक आघाडीचे गाब्रिएल नादो-द्युब्वा हे चेहरे दररोज दूरचित्रवाणीवर दिसत. पण त्यांच्या हातात अंतिम शब्द नव्हता. ५ मे रोजी सुमारे २२ तासांच्या वाटाघाटींनंतर सरकार आणि संघटनांत एक समझोता झाला. विद्यापीठांच्या कारभारात बचत शोधायची आणि ती विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या इतर शुल्कांतून वजा करायची, असं त्याचं सूत्र होतं. शिकवणी फीची वाढ तशीच राहणार होती. समझोता आमसभांपुढे गेला आणि त्यांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला. नेत्याला पटवलं की आंदोलन मिटतं, या नेहमीच्या सरकारी हिशेबाला इथे जागा नव्हती.

वर्ग बंद राहिल्याने सरकारवर दबाव कसा येतो?

कामगार संपावर गेला की मालकाचा माल तयार होत नाही. विद्यार्थी वर्गात बसला नाही तर नुकसान त्याचंच होतं, असं आपण सहज म्हणतो. एक विद्यार्थी गैरहजर राहिला तर ते खरंच आहे. दीड-दोन लाख विद्यार्थी आठवडेच्या आठवडे गैरहजर राहिले की चित्र बदलतं.

शिक्षणव्यवस्था वेळापत्रकावर चालते. सेजेपमधली एक तुकडी बाहेर पडली की तिच्या जागी शाळेतून दुसरी येते. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या जागा सेजेपच्या निकालावर भरतात. एक सत्र रद्द झालं तर पुढच्या सत्रात दोन तुकड्या एकाच वेळी येऊन थडकणार. त्यांना वर्गखोल्या आणि शिक्षक कुठून आणायचे? वर्षभर पदवीधरच बाहेर पडले नाहीत तर रुग्णालयांना परिचारिका कुठून मिळणार? फीवाढीतून जे पैसे वाचणार होते त्यांच्यापेक्षा विस्कळीत सत्राची किंमत मोठी होऊ लागते आणि ती आठवड्यागणिक वाढते. संपाचं बळ या वाढत्या किमतीत असतं.

सेजेप या संपाच्या केंद्रस्थानी का होते, हेही इथे कळतं. त्या विद्यार्थ्यांना आज फी नव्हती, पण विद्यापीठात पाऊल टाकताच वाढीव फी त्यांच्याच वाट्याला येणार होती.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहा. २०१० मध्ये तिथल्या सरकारने विद्यापीठ फीची कमाल मर्यादा ३,२९० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेली. ही वाढ क्युबेकपेक्षा कितीतरी मोठी होती. १० नोव्हेंबरला लंडनमध्ये हजारो विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, अनेक विद्यापीठांत इमारती ताब्यात घेतल्या गेल्या. पण वर्ग सार्वत्रिक बंद ठेवण्याची परंपराही नव्हती आणि त्यासाठी आमसभांचं जाळंही नव्हतं. ९ डिसेंबरला संसदेने ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी वाढ मंजूर केली आणि तिथली चळवळ ओसरली. मोर्चा संपला की लोक घरी जातात, हे सरकारला ठाऊक असतं. संप दुसऱ्या दिवशीही चालू असतो.

क्युबेक सरकारनेही वेळ काढून पाहिला. अनेक आठवडे चर्चा टाळली. मग २७ एप्रिलला पाचऐवजी सात वर्षांत वाढ करण्याचा प्रस्ताव ठेवला, वर्षाला २५४ डॉलर. ही वाढ दिवसाला फक्त ५० सेंट पडते, असं सांगण्यात आलं. विद्यार्थ्यांनी बेरीज केली: सात वर्षांत १,७७८ डॉलर, मूळ वाढीपेक्षाही जास्त. २४ एप्रिलपासून माँट्रियलमध्ये रोज रात्री मोर्चे निघत होते, ते चालूच राहिले.

चौकट: संपाचा पट

• मार्च २०११: पाच वर्षांत १,६२५ डॉलर फीवाढीची घोषणा.
• १३ फेब्रुवारी २०१२: बेमुदत संपाची सुरुवात.
• २२ मार्च: माँट्रियलमध्ये विराट मोर्चा, तीन लाखांहून अधिक विद्यार्थी संपावर.
• २७ एप्रिल: सात वर्षांच्या फीवाढीचा सरकारी प्रस्ताव.
• ५ मे: समझोता, आमसभांनी तो फेटाळला.
• १४ मे: शिक्षणमंत्री लीन बोशाँ यांचा राजीनामा.
• १८ मे: विशेष कायदा मंजूर.
• ४ सप्टेंबर: निवडणुकीत सरकारचा पराभव, नव्या सरकारकडून फीवाढ रद्द.

विशेष कायदा आणि रस्त्यावर आलेली भांडी

मे महिन्यात वातावरण तापलं. ४ मे रोजी व्हिक्टोरियाव्हिल इथे सत्ताधारी लिबरल पक्षाच्या अधिवेशनाबाहेर झालेल्या चकमकीत अनेक जण गंभीर जखमी झाले. संपाच्या काळात पोलीस कारवाईत काही विद्यार्थ्यांची एका डोळ्याची दृष्टी गेली. काही आंदोलकांनी दुकानांच्या काचा फोडल्या, दगडफेक केली. दुसरीकडे, संपाला विरोध असलेले विद्यार्थी न्यायालयात गेले आणि त्यांना वर्ग सुरू ठेवण्याचे आदेश मिळाले. महाविद्यालयांच्या दारात मात्र ते आदेश अमलात आणणं अवघड झालं. कायद्याने विद्यार्थी संघटनांना मान्यता दिली होती, पण विद्यार्थ्यांच्या संपाचा हक्क कुठे लिहिलेला नव्हता. त्या पोकळीतून हा संघर्ष उभा राहिला.

१८ मे रोजी विधिमंडळाने ७८ क्रमांकाचं विधेयक मंजूर केलं. संपावरच्या महाविद्यालयांचं सत्र ऑगस्टपर्यंत स्थगित झालं. ५० किंवा अधिक लोकांचा मोर्चा असेल तर मार्गासह आठ तास आधी पोलिसांना कळवणं बंधनकारक झालं. वर्ग रोखणाऱ्या व्यक्तींना, विद्यार्थी नेत्यांना आणि संघटनांना चढत्या क्रमाने जबर दंड होते. संघटनेसाठी दंडाची कमाल मर्यादा १,२५,००० डॉलर होती.

हेतू आंदोलन शमवण्याचा होता, पण वादाचा विषयच बदलला. तोवर प्रश्न फीचा होता आणि त्यावर लोकांची मतं विभागलेली होती. आता तो एकत्र येण्याच्या आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याचा झाला. प्रांताच्या वकील संघटनेने कायद्यावर टीका केली, वकील काळे झगे घालून मूक मोर्चात चालले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्लै यांनीही चिंता व्यक्त केली. फीवाढ योग्य वाटणाऱ्या अनेकांनाही हा कायदा मान्य नव्हता.

याच सुमारास माँट्रियलच्या वस्त्यांत रात्री आठ वाजता खिडक्यांतून, गॅलऱ्यांतून पातेली आणि कढया वाजू लागल्या. आजीआजोबा, लहान मुलं कडेवर घेतलेले पालक, दुकानदार बाहेर येऊन चालू लागले. हा प्रकार चिलीसारख्या लॅटिन अमेरिकी देशांतून आलेला. महाराष्ट्रालाही तो परका नाही: १९७२ नंतरच्या महागाईविरोधी लढ्यात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणींनी थाळ्या आणि लाटणी घेऊनच रस्ते दणाणून सोडले होते. भांडी वाजवायला सभासदत्व लागत नाही, भाषण करावं लागत नाही, दारातून पाऊल टाकलं की सहभाग होतो. त्यामुळे विद्यार्थ्यांचं आंदोलन मोहल्ल्याचं झालं. त्याच आठवड्यात एका रात्रीत माँट्रियलमध्ये पाचशेहून अधिक लोकांना ताब्यात घेतलं गेलं. संपूर्ण संपकाळात अटकांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली.

नेमकं काय मिळालं?

शारे यांनी निवडणूक जाहीर केली. ४ सप्टेंबर २०१२ च्या मतदानात सुमारे ७५ टक्के लोकांनी मत दिलं. आधीच्या निवडणुकीत हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. पार्ती केबेक्वा पक्षाला ५४, लिबरल पक्षाला ५० जागा मिळाल्या. खुद्द शारे शेरब्रुक मतदारसंघात हरले. पार्ती केबेक्वाच्या पोलीन मारवा यांच्या अल्पमतातल्या सरकारने फीवाढ रद्द केली आणि विशेष कायद्याची जाचक कलमं काढून टाकली. वयाच्या विसाव्या वर्षी लेओ ब्युरो-ब्लुएँ आमदार झाले.

हा विजय निखळ नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. दोन मुख्य पक्षांतलं अंतर थोडं होतं आणि सरकारच्या पराभवात बांधकाम कंत्राटांमधल्या भ्रष्टाचाराच्या आरोपांचाही वाटा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये भरलेल्या उच्च शिक्षण परिषदेनंतर फी गोठवली गेली नाही. दर वर्षी सुमारे तीन टक्क्यांनी ती वाढेल असं ठरलं. ‘क्लास’ची मागणी मोफत शिक्षणाची होती, ती दूरच राहिली.

तरीही फरक मोठा आहे. वर्षाला ३२५ डॉलरची झेप आणि वर्षाला साठ-सत्तर डॉलरची वाढ, यात गरीब घरातल्या मुलीचं शिक्षण चालू राहणं किंवा थांबणं असू शकतं.

तीच साधनं, वेगळा निकाल

आमसभा आणि संप असले की यश ठरलेलंच, असं वाटत असेल तर २०१५ कडे पाहावं. तेव्हा फिलीप कुयार यांचं लिबरल सरकार शिक्षण, आरोग्य, पाळणाघरं अशा अनेक सेवांच्या खर्चात कपात करत होतं. विद्यार्थ्यांनी वसंत ऋतूत पुन्हा संप पुकारला. हजारो जण बाहेर पडले, पण काही आठवड्यांत तो विरला.

त्याची कारणं शिकण्यासारखी आहेत. २०१२ मध्ये मागणी एका आकड्याची होती: ३२५. ती कुणालाही समजत होती, आणि मान्य झाली की नाही हे तपासता येत होतं. २०१५ मध्ये विरोध सगळ्याच काटकसरीला होता. काय झालं म्हणजे संप संपेल, हे सांगता येत नव्हतं. दुसरं, सार्वजनिक क्षेत्रातल्या कामगार संघटनांची लढाई शरद ऋतूत होणार होती. विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी थांबावं की नाही, यावर चळवळीतच फूट पडली. तिसरं, निवडणूक तीन वर्षं दूर होती, सरकारला वाट पाहणं परवडत होतं. त्याच वर्षी विद्यापीठांचा जुना महासंघ विसर्जित झाला. ‘क्लास’ ज्या संघटनेभोवती उभी राहिली होती, ती २०१९ मध्ये बंद पडली.

आमसभा आणि संप ही साधनं आहेत, आणि ती कधी चालतात हे या दोन वर्षांच्या तुलनेतून दिसतं: मागणी मोजता येण्याजोगी असावी, निर्णय खालून वर जावा, दबाव काळाबरोबर वाढावा आणि सरकारसमोर लोकांना सामोरं जाण्याची तारीख असावी.

काटकसरीचा प्रत्येक निर्णय अन्यायकारकच असतो असं नाही. तूट खरी असते आणि ती कुणीतरी भरावीच लागते. पण कुणी भरायची, हा हिशेबनिसाचा प्रश्न नाही, सगळ्या समाजाचा आहे. तो विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून परस्पर सोडवला जातो, तेव्हा सर्वांत कमी आवाज असलेल्यांवर बिल पडतं. क्युबेकच्या विद्यार्थ्यांनी आवाज कमवला तो मोर्चात घोषणा देण्याआधी, सभागृहात एकमेकांचं ऐकून घेऊन, हरलेला ठराव मान्य करून, पुढच्या आठवड्यात पुन्हा मत देऊन. अशी सवय ऐन संकटात लावता येत नाही. ज्या समाजाला आपल्या तरुणांनी जबाबदारीने लढावं असं वाटतं, त्याने शांततेच्या काळात त्यांच्या संघटना, त्यांच्या निवडणुका आणि त्यांच्या सभा जपायला हव्यात.